भूगर्भशास्त्राची इमारत निजवताना

१

हिवाळा लागला की आम्ही इमारती निजवतो. कार्यालयात त्याला काहीतरी लांबलचक नाव आहे, पण देखभालीतली आम्ही माणसं निजवणंच म्हणतो. आधी नळांतलं पाणी काढून टाकायचं, मग हवेचे पंखे बंद करायचे, मग रेडिएटर उतरवत उतरवत बारा अंशांवर आणायचे. त्याहून खाली गेलं तर भिंती ओल धरतात, आणि त्याहून वर ठेवायची परवानगी नाही. शेवटी दारं लावायची आणि बर्फ वितळेपर्यंत विसरून जायचं. विद्यार्थी कमी झालेत, इमारती तेवढ्याच आहेत. दर वर्षी एखादी निजते. काही पुन्हा उठत नाहीत.

या वर्षी पाळी भूगर्भशास्त्राची होती. लाल विटांची तीन मजली इमारत, एका बाजूला बर्चचं रान, दुसऱ्या बाजूला काचेचा पूल आणि पुलापलीकडे लायब्ररी. लायब्ररीच्या तळघरात माझी कंट्रोल रूम आहे. तिला खिडकी नाही. मी दिवसभर पडद्यांसमोर बसून विद्यापीठाची ऊब, वीज आणि हवा सांभाळते.

आमच्याकडे प्रत्येक खोलीत दाराशेजारी एक पांढरी डबी असते. ती हवेत साचलेला उच्छ्वास मोजते. वर्ग भरला की आकडा चढतो आणि पंखा आपोआप जोर धरतो. वर्ग सुटला की दोन्ही उतरतात. इमारतीला माणसं मोजता येत नाहीत, श्वास मोजता येतो. रिकाम्या खोलीचा आकडा बाहेरच्या रानातल्या हवेइतकाच असतो, चारशेच्या आसपास.

निजवल्यानंतरच्या सोमवारी दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीचा आकडा सातशेवर होता आणि चढत होता.

"एखादा प्रोफेसर राहिला असेल आत," ताउनो म्हणाला. तो कॉफी घेऊन आला होता. "विभाग बंद झाल्याचं त्याला कोणी सांगितलंच नसेल."

"सगळ्या खोल्या तू बघितल्या होत्यास ना?"

"कपाटंसुद्धा. काय इंजिनिअरबाई, मी कुणाला आत ठेवून कुलूप लावीन होय? म्हणजे कारिताला लावलं असतं. पण ती बया आत आलीच नाही."

कारिता आमची संचालक. ताउनो आमचा फिटर, माझ्याआधीपासून इथे असलेला, गुडघे गेलेला, जीभ शाबूत असलेला. मे महिन्यात माझा नवरा गेला तेव्हापासून लोक माझ्याशी मान कलती करून, हळू आवाजात बोलत. ताउनोने मान सरळ ठेवली होती. त्यानंतर मी कामावर आले त्या पहिल्याच दिवशी त्याने माझ्यासमोर वेलदोड्याचा गोड पाव आपटला आणि म्हणाला, "खा. हाडकुळ्या माणसाकडून कामाचे हुकूम घ्यायला मला आवडत नाही." त्या दिवशी मी बऱ्याच आठवड्यांनी पोटभर खाल्लं होतं.

२

डबी बिघडली असणार. दुसरं काही असायचं कारण नव्हतं. या डब्यांना मधूनमधून ताजी हवा मिळाली नाही तर त्या भरकटतात, आणि पंखे तर आम्हीच बंद केले होते. ताउनो नवी डबी घेऊन गेला. मी फोन कानाला लावून पडद्यासमोर बसले.

"आलो आत," तो म्हणाला. "खुर्च्या, फळा, भिंतीवर एक नकाशा. कुणी नाही."

"वास वगैरे?"

त्याने हवा हुंगल्याचा आवाज आला. "सकाळी कुणाच्या निजायच्या खोलीत शिरल्यावर येतो ना, तसा."

जुनी डबी काढून त्याने नवी बसवली. तिनेही तोच आकडा दाखवला, आणि तो त्याच संथ चालीने चढत होता. मी ही रेघ ओळखते. एक माणूस बंद खोलीत बसला की आकडा कसा चढतो, दोन बसले की कसा, हे मला न मोजता कळतं. वर्षानुवर्षं दुसरं पाहिलंय काय? ही एका माणसाची रेघ होती. आणि ताउनो आत उभा राहून माझ्याशी बोलत होता.

मला हायसं वाटलं. एक माणूस, एक रेघ. नवी डबी नीट चालली होती.

हे समाधान मिनिटभर टिकलं. कारण ताउनो आत जायच्या आधीही रेघ एकाच माणसाची होती. तो गेल्यावर ती दोघांची व्हायला हवी होती. झाली नव्हती. दोघांपैकी एकाने श्वास घ्यायचं थांबवलं होतं, आणि ताउनो तर त्या नकाशावर कुणीतरी काढलेल्या मिशांबद्दल बोलत होता.

"ताउनो, बाहेर ये."

"अगं, स्क्रू तर घट्ट करू दे."

"राहू दे. ये."

"बरं बाई, ओरडतेस काय."

दार लागल्याचा आवाज मी फोनवर ऐकला. त्यानंतर रेघ एकदम उसळली. बराच वेळ पाण्याखाली राहिलेलं माणूस वर येऊन घेतं, तसा तो मोठा श्वास होता. मग ती पुन्हा आपल्या संथ चालीवर आली.

ताउनोने जुनी डबी माझ्या टेबलावर ठेवली. ती अगदी ठीक होती. ताउनोचा चेहरा मात्र पांढरट दिसत होता. डोकं दुखतंय म्हणाला, आणि त्या दिवशी त्याने दुसऱ्यांदा कॉफी घेतली नाही.

३

माझ्या नवऱ्याचं, आरवोचं, फुप्फुस दोन हिवाळे हळूहळू मिटत गेलं. त्या काळात मी झोपेतही त्याचा श्वास ऐकत असे. आत जाताना घर्र, बाहेर येताना बारीक शीळ, मध्ये एक पोकळी. त्या पोकळीत मी डोळे उघडून पडून राही. तो गेल्यावर घर इतकं नीरव झालं की मला फ्रिजचा आवाज पुरेनासा झाला; मी रेडिओ चालू ठेवून झोपू लागले.

हे सांगायचं कारण एवढंच की त्या आठवड्यात एक दुपार मी दुसरं सगळं काम बाजूला सारून ती रेघ पाहत बसले. बाहेर तीन वाजताच अंधारलं असणार; तळघरात ते कळत नाही. रेघ चढत होती. तिच्या चढण्यात, बारकाईने पाहिलं तर, एक थरथर होती. आत, बाहेर, मध्ये पोकळी. मी हात पडद्यावर ठेवला. काच कोमट होती, जशी ती नेहमी असते.

मग मला आठवलं, की कुणी खोलीत आलं तर ते श्वास रोखतं.

आरवोने माझ्यापासून कधी श्वास लपवला नव्हता. शेवटच्या दिवसांत तर त्याच्याकडे दुसरं काही उरलंच नव्हतं, आणि तेही तो माझ्या देखत खर्च करत होता. जे लपतं, दबा धरून ऐकतं, ते तो नव्हे. मी हात काढून घेतला.

४

"खोलीत कुणीतरी आहे," मी कारिताला म्हणाले. "निदान असू शकेल. रात्री थंडीतून आत शिरलेला एखादा बेघर माणूस. पाणी बंद, हवा बंद. त्याचं काही बरंवाईट झालं तर?"

"सुरक्षावाल्यांनी दोनदा पाहिलंय, हेल्लेवी. कुणी नाही."

"आकडा आज दोन हजारांवर आहे."

"मग ती डबी उपटून टाक. आकडाच नसला की झालं." तिने मान कलती केली. "तू सुट्टी घेतलीसच नाहीस ना, मे महिन्यानंतर?"

मी आकड्यांचा कागद तिच्यापुढे सरकवला.

"हे बघ," ती म्हणाली, "मला त्या इमारतीची हवा लायब्ररीत यायला नकोय. परीक्षा चालू आहेत, वरती बसायला जागा नाही. उद्या ताउनोला पत्रे बसवायला सांग. विषय संपला."

तिचं म्हणणं, खरं तर, बरोबरच होतं. दोन्ही इमारतींचं पंखाघर एकच आहे, भूगर्भशास्त्राच्या माळ्यावर. तिथे एक मोठं चाक फिरतं. बाहेर टाकायच्या जुन्या हवेतली ऊब ते काढून घेतं आणि आत यायच्या नव्या हवेला देतं. त्यामुळेच आमचं निम्मं इंधन वाचतं. पण उबेबरोबर थोडी जुनी हवाही त्या चाकातून पलीकडे जाते. एक इमारत निजवली की तिच्या हवेच्या बोगद्यांवर पत्रे ठोकून ती चाकापासून तोडायची, अशी रीत आहे. मग आतली हवा आतच राहते.

"म्हणजे त्याचं नाक दाबायचं," ताउनो म्हणाला, मी निरोप दिल्यावर.

"कुणाचं?"

"प्रोफेसरचं." तो हसला, पण त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "मला ती खोली आवडलेली नाही, इंजिनिअरबाई. मी कुणाला सांगत नाहीये, तुला सांगतोय. मी तिथून निघालो तेव्हा पाठीमागून कुणीतरी हुश्श केलं."

"मी येते सोबत."

"कशाला? माळ्यावर काम आहे, त्या खोलीत नाही. तू इथे बस आणि लक्ष ठेव. आणि मी येईपर्यंत पाव संपवू नकोस."

५

पंखाघरात काम करायचा एक नियम आहे, आणि आमच्यात तो देवधर्मापेक्षा कडक पाळला जातो. जो माणूस बोगद्यात उतरेल त्याने आधी पंख्याचं बटण बंद करून त्यावर स्वतःचं कुलूप लावायचं. कुलपावर त्याचं नाव असतं आणि किल्ली त्याच्या कमरेला. तो बाहेर येऊन ते काढेपर्यंत पंखा कुणालाही सुरू करता येत नाही. दुसऱ्याच्या कुलपाला आम्ही हात लावत नाही, संचालकसुद्धा नाही. म्हणून कुलूप आहे म्हणजे माणूस आत आहे, आणि कुलूप नाही म्हणजे माणूस बाहेर आहे. यापलीकडे आम्ही काही विचारत नाही.

ताउनो सकाळी वर गेला. कॉफीच्या वेळी आला नाही. तो कॉफी चुकवत नसतो. मी फोन केला; वाजत राहिला.

मी काचेचा पूल ओलांडून वर गेले. माळ्यावर दिवे चालू होते. पत्रे भिंतीला टेकवून ठेवलेले, एकही बसवलेला नाही. त्याची हत्यारांची पेटी उघडी होती. बोगद्याचं लोखंडी दार बंद. आणि बटणावर कुलूप नव्हतं.

म्हणजे तो बाहेर होता. गुडघा दुखला असेल, काहीतरी आणायला गेला असेल. मी एक हाकही मारली नाही. बोगद्याचं दार उघडून पाहिलं नाही. कुलूप नव्हतं ना. मग पाहायचं काय? मी खाली आले, तो आधीच येऊन बसला असेल अशा खात्रीने.

तो आला नव्हता. पडद्यावर कोपऱ्यातल्या खोलीची रेघ उभी चढत होती. दोघांची रेघ. या वेळी कुणीही श्वास रोखलेला नव्हता.

आणि मी पाहता पाहता आकडा पाच हजारांवर जाऊन चिकटला. त्यापुढे त्या डबीला मोजताच येत नाही.

६

दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये गारठा होता, पण त्या दाराची मूठ कोमट लागली. दारात एक अरुंद उभी काच आहे. ती आतून घामेजली होती. एक ओघळ खाली आला आणि त्याच्या वाटेतून मला ताउनो दिसला.

तो मागच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता, पाय पसरून, डोकं मागे, तोंड उघडं. झोपल्यासारखा. छाती हलत होती. हळू, फार हळू.

मी किल्ली फिरवली. कुलूप सुटलं, मूठ खाली गेली. दार आलं नाही. ते बाहेरच्या बाजूला उघडतं. मी पाय चौकटीला लावून ओढलं. आतून कुणी दोन्ही हातांनी धरावं तसं ते ताणलेलं होतं. पंखा जोरात असला की दारं अशी आत ओढली जातात. पण पंखा बंद होता.

"ताउनो! ताउनो, ऊठ!"

त्याच्या डोक्यावर छतात हवा बाहेर जायची जाळी आहे. तिच्या पट्ट्यांवर बरीच वर्षं साचलेल्या धुळीची जळमटं लोंबत होती. ती हलत होती. ताउनोची छाती खाली गेली की जळमटं आत ओढली जायची. मग पोकळी. मग ती बाहेर फुगायची, आणि ताउनोची छाती वर यायची, पहिल्याहून कमी. मी तीन-चार वेळा ते पाहिलं. माझं डोकं अजून कारणं शोधत होतं: वारा, चिमणीची ओढ, उघडी झडप. मग जाळीच्या फटींमागे मला ते दिसलं. फटींवर आतून काहीतरी दाबून धरलेलं होतं. ओलसर, राखाडी, कडेला किंचित लालसर. ओठ म्हणावं तर फार रुंद होतं.

मी पाहतेय हे त्याला कळलं. ते मागे सरलं नाही. नुसतं थांबलं.

एकशे बारा नंबरवर फोन करून झाला होता. गाड्या शहराच्या दुसऱ्या टोकाहून यायच्या होत्या, आणि ताउनोचे ओठ निळे पडले होते. माझ्या हातात एकच गोष्ट होती. पंखा सुरू केला तर खोलीत ताजी हवा येईल. तो मला माझ्या फोनवरून सुरू करता येतो. फक्त बटणावर कुणाचं कुलूप नसलं पाहिजे.

ते कुणी काढलं हे मला आजही माहीत नाही. का काढलं, हे मात्र त्या दाराशी उभी असताना कळलं: पंखा मीच सुरू करावा म्हणून.

पत्रे अजून भिंतीला टेकलेले होते. चाक फिरायला मोकळं होतं. पलीकडे लायब्ररीत, परीक्षांच्या दिवसांत, प्रत्येक टेबलावर मुलं वाकून बसलेली होती. मी हे सगळं विसरले होते असं मी म्हणणार नाही. मला सगळं आठवत होतं. आत ताउनोची छाती खाली गेली आणि पुन्हा वर यायला विसरली.

मी फोनवर बोट दाबलं.

माळ्यावर पंखा घरघरला. दार इतकं अचानक सुटलं की मी पाठीवर पडले. माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी गेलं. कोमट, जड, झोपेच्या वासाचं. ते गेलं तेव्हा जाळीच्या पट्ट्या खडखडल्या आणि छतामधल्या बोगद्यातून घसटत जाणारा आवाज दूर, वर, माळ्याकडे गेला. मी त्यामागे पाहिलं नाही. मी ताउनोच्या काखांत हात घालून त्याला पॅसेजमध्ये ओढत आणलं आणि त्याच्या तोंडात माझा श्वास भरू लागले.

७

तो वाचला. इस्पितळात त्याच्या नाकाला नळी होती आणि आवाज कागदासारखा झाला होता.

"किल्ली कमरेलाच होती माझ्या," तो म्हणाला. "मी कुलूप काढलं नव्हतं, हेल्लेवी. आणि खाली त्या खोलीत मी गेलोच नाही. मी बोगद्यात होतो. एवढंच आठवतंय."

त्याने मला नावाने हाक मारली म्हणून मी रडले. त्याने नाकाची नळी सरळ केली. मग म्हणाला, "पाव आणलास का? नाही ना. मग कशाला आलीस?"

कारिताने चौकशी केली, सहानुभूती दाखवली आणि दुसऱ्या फिटरकडून पत्रे बसवून घेतले. तिचा फोन आला तेव्हा मी कंट्रोल रूममध्ये एकटीच होते.

"बघितलंस ना? कोपऱ्यातल्या खोलीचा आकडा चारशे. हवा तुंबली होती, दुसरं काही नाही. आता खरंच रिकामी झाली."

"हो," मी म्हणाले. "रिकामी झाली."

"मग आता सुट्टी घे."

मी फोन ठेवला. वर लायब्ररीत खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. मी त्यांच्या सगळ्या मजल्यांचे आकडे एकेक करून पाहिले. जितकी माणसं तितका श्वास. कुठे काही जास्त नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली.

कंट्रोल रूमचा आकडा मी सवयीने शेवटी पाहते. खोली लहान आहे, माणूस एकच, रेघ नेहमी सपाट. ती चढत होती. किती जणांची आहे हे मला मोजावं लागलं नाही.

पहिल्यांदा पाय दाराकडे वळले. दार उघडलं की जिना, आणि जिन्याच्या वर ती मुलं. मी दार आतून लावून घेतलं. खोलीच्या हवेची झडप हाताने फिरवून बंद केली. आता ते इथे होतं, आणि मी इथे होते. मी खुर्चीत बसले आणि श्वास रोखला.

रेघ थोडी चढली. मग तीही थांबली.

आम्ही दोघं वाट पाहू लागलो, आधी कोण सोडतं याची.